ह्यूई लाँग: सिनेटवर निवडून येऊनही गव्हर्नरची खुर्ची न सोडणारा माणूस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.ए.च्या निबंधासाठी लुइझियानाचा ह्यूई लाँग हा विषय घेतला आहे. १९३० साली तो अमेरिकेच्या सिनेटवर निवडून आला, पण जानेवारी १९३२ पर्यंत गव्हर्नरच राहिला. हे कायद्यात बसलं कसं? वॉशिंग्टनला गेल्यावरही राज्य त्याच्याच हुकमावर कसं चाललं? त्याला गरिबांचा कैवारी म्हणायचं की हुकूमशहा? आणि १९३५ मध्ये त्याला ज्याने मारलं म्हणतात त्या डॉक्टरने त्याला मारलंच नव्हतं, असं कुठेतरी वाचलंत, त्यात तथ्य किती?

अमेरिकेतल्या राज्यांचं राजकारण मी बरीच वर्षं शिकवतो आहे. लाँगचा धडा आला की वर्ग हमखास दोन तट पाडून भांडतो. प्रश्न चार असले तरी तुमची खरी अडचण मला एकच दिसते. तुम्ही त्याची कारकीर्द पदांच्या क्रमाने वाचता आहात: आधी आयोगाचा सदस्य, मग गव्हर्नर, मग सिनेटर. लाँगच्या बाबतीत हा क्रम फसवा आहे. कुठल्या वर्षी त्याच्या हातात पैसा, नोकऱ्या आणि विधिमंडळ यांतलं काय काय होतं, असं विचारत गेलात तर चारांपैकी तीन प्रश्न बरेचसे सुटतात.

कैवारी की हुकूमशहा, याचं उत्तर मात्र तुम्ही कुणाच्या बाजूने बघता यावर अवलंबून राहणारच. लुइझियानाच्या उत्तर भागातला चिखलवाटेवरचा शेतकरी, न्यू ऑर्लिन्समधला वर्तमानपत्राचा मालक, पगारातून पक्षनिधी कापून देणारा सरकारी कारकून आणि मताचा अधिकारच नसलेला कृष्णवर्णीय शेतमजूर या चौघांनी एकाच माणसाबद्दल सांगितलेलं एकमेकांशी जुळणार नाही. माझं मत मी पुढे देतो, पण ते तारखांवर बेतलेलं आहे.

सुरुवात विनफील्डपासून. लाँगचा जन्म ३० ऑगस्ट १८९३ चा, उत्तर लुइझियानातल्या विन पॅरिशमधला. (तिथे जिल्ह्याला पॅरिश म्हणतात; राज्याच्या फ्रेंच आणि कॅथलिक इतिहासाची ती खूण.) हा भाग बड्या मळेवाल्यांचा नव्हता. १८६१ साली संघराज्यातून फुटण्याचा ठराव आला तेव्हा विनच्या प्रतिनिधीने विरोधात मत दिलं होतं. १८९० च्या दशकात तिथे पॉप्युलिस्टांचा, म्हणजे छोट्या शेतकऱ्यांची बाजू घेणाऱ्या पक्षाचा, जोर होता आणि १९१२ मध्ये समाजवादी उमेदवार यूजीन डेब्झलाही भरघोस मतं पडली. म्हणजे श्रीमंतांची संपत्ती वाटून टाकण्याची भाषा त्याने कुठून आयात केली नाही, ती त्याने घरच्या ओसरीवर ऐकलेली होती. तो स्वतःला अठराविश्वे दारिद्र्यातून वर आलेला म्हणवत असे, त्यावर मात्र फार विसंबू नका. वडिलांकडे जमीन होती आणि घर त्या गावाच्या मानाने खातंपितं होतं.

तो आधी फिरता विक्रेता होता. कॉटोलीन नावाचं स्वयंपाकाचं घट्ट तेल विकताना त्याने पाककृतींच्या स्पर्धा भरवल्या, आणि अशाच एका स्पर्धेत त्याला रोझ मॅकॉनेल भेटली. १९१३ मध्ये त्यांनी लग्न केलं. टुलेन विद्यापीठात त्याने कायद्याचा जेमतेम वर्षभर अभ्यास केला आणि १९१५ मध्ये, एकविसाव्या वर्षी, वकिलीची परीक्षा दिली. दारोदार माल विकण्याची सवय त्याला पुढे भाषणांत फार उपयोगी पडली. समोरच्याला काय हवंय हे आधी ओळखायचं आणि मग आपल्याकडे नेमकं तेच आहे असं सांगायचं, यात तो तरबेज होता.

आता ज्या टप्प्यावरून बहुतेक निबंध उडी मारतात, तो बघा. १९१८ मध्ये तो राज्याच्या रेल्वे आयोगावर निवडून आला. वय पंचवीस. बाकी मोठ्या पदांना किमान वयाची अट होती, या पदाला नव्हती, हे त्याने हेरलं होतं. पुढे या आयोगाचं नाव सार्वजनिक सेवा आयोग झालं. रेल्वेचं भाडं, टेलिफोनचे दर, गॅस, तेलाच्या पाइपलाइन हे सगळं त्याच्या कक्षेत होतं. टेलिफोन कंपनीने केलेली दरवाढ त्याने लढून रद्द करायला लावली आणि ग्राहकांना पैसे परत मिळवून दिले. ज्या माणसाच्या हातात प्रत्यक्ष परताव्याचा चेक पडतो, तो पुढे दहा निवडणुका ते नाव विसरत नाही.

स्टँडर्ड ऑइलशी त्याचं वैर याच काळातलं. एका छोट्या स्वतंत्र तेल कंपनीत त्याने पैसे गुंतवले होते. स्टँडर्डने अशा छोट्या कंपन्यांचं तेल आपल्या पाइपलाइनमधून न्यायला नकार दिला आणि त्याचे पैसे बुडाले. पाइपलाइन सर्वांना खुली असावी ही त्याची मागणी तत्त्व म्हणून रास्तच होती, पण त्यामागे स्वतःचा राग होता. त्याच्या पुढच्या कारकिर्दीत हे दोन धागे कायम एकत्र येतात. एकच धागा उचलून निबंध लिहिलात तर परीक्षक दुसरा काढून दाखवेल.

१९२४ मध्ये तो गव्हर्नरपदासाठी उभा राहिला आणि तिसरा आला. मतदानाच्या दिवशी पाऊस पडला, त्याचे मतदार खेड्यांतले आणि रस्ते मातीचे. १९२८ च्या जानेवारीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, तो पहिला आला. बहुमत नव्हतं, पण दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने माघार घेतली. त्या काळच्या दक्षिणेत डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरी जिंकली की निवडणूक जिंकली, कारण समोर दुसरा पक्ष नावालाच होता. अमेरिकन गव्हर्नर थेट लोकांनी निवडलेला राज्याचा कार्यकारी प्रमुख असतो. आपल्याकडच्या नेमलेल्या राज्यपालाची मूर्ती डोळ्यांसमोर ठेवलीत तर पुढचं काहीच कळणार नाही.

गव्हर्नर झाल्यावर त्याने पहिल्यांदा हाती घेतली ती शाळेची पुस्तकं. प्रत्येक मुलाला पाठ्यपुस्तक फुकट, आणि त्याचा पैसा जमिनीतून काढलेल्या तेल, वायू, लाकूड यांवरच्या कराचा. कॅथलिक शाळांतल्या मुलांनाही पुस्तकं मिळणार म्हटल्यावर खटला झाला: सरकारी पैसा धार्मिक शाळांना कसा देता? पुस्तकं शाळेला नव्हेत, मुलाला दिली आहेत, हा राज्याचा युक्तिवाद अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९३० मध्ये मान्य केला. अमेरिकन घटनात्मक कायद्यात तो निकाल आजही अभ्यासला जातो.

याच योजनेतला कॅडो पॅरिशचा किस्सा मी वर्गात हटकून सांगतो. श्रीव्हपोर्ट शहर या पॅरिशमध्ये येतं. तिथल्या शाळा मंडळाने ताठ्याने सांगितलं, आम्ही श्रीमंत आहोत, तुमची फुकटची पुस्तकं नकोत. त्याच सुमाराला शहराजवळ लष्कराचा मोठा विमानतळ यायचा होता आणि जमिनीच्या व्यवहाराला राज्याची संमती लागत होती. लाँगने संमती अडवून धरली: आधी पुस्तकं घ्या, मग विमानतळ. त्यांनी पुस्तकं घेतली. गरीब मुलांचं भलं झालं, आणि एका निवडून आलेल्या स्थानिक मंडळाला वाकवलंही गेलं. दोन्ही गोष्टी एकाच फटक्यात झाल्या. लाँग कळायचा असेल तर या एका प्रसंगावर थोडा वेळ थांबा.

रस्त्यांचंही तसंच. १९२८ मध्ये अख्ख्या राज्यात पक्के रस्ते जेमतेम ३०० मैलांच्या आसपास होते. १९३५ पर्यंत ते २,००० मैलांच्या वर गेले, आणि पूल शंभराहून अधिक बांधले गेले. युक्ती अशी की सुरुवातीला एकच लांब रस्ता पूर्ण करायचा नाही. प्रत्येक पॅरिशमध्ये पाच, दहा, पंधरा मैलांचा तुकडा पक्का करायचा. गाडी गुळगुळीत रस्त्यावरून निघाली आणि पुन्हा चिखलात उतरली की मतदार आपणहून उरलेला रस्ता मागायला लागतो. पैसा उभा केला कर्जरोख्यांतून, आणि रोखे फेडायला पेट्रोलवर कर. प्रौढांसाठी रात्रशाळा काढल्या, त्यांत सुमारे एक लाख लोक लिहायला-वाचायला शिकले. न्यू ऑर्लिन्सला स्वस्त नैसर्गिक वायू आला, लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचं वैद्यकीय महाविद्यालय १९३१ मध्ये उघडलं. युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल संघात आणि बँडमध्ये तर तो इतका लक्ष घाली की प्रशिक्षकांचा जीव नकोसा होई.

मग १९२९. मार्चमध्ये त्याने विशेष अधिवेशन बोलावून शुद्ध केलेल्या तेलावर पिंपामागे पाच सेंट कर सुचवला. स्टँडर्ड ऑइलचा प्रचंड कारखाना राज्याच्या राजधानीत, बॅटन रूजमध्येच होता. विरोधकांनी महाभियोगच आणला. २५ मार्चला सभापतीने सभा तहकूब केली तेव्हा सभागृहात अक्षरशः हाणामारी झाली, आणि त्या दिवसाला तिथे रक्तरंजित सोमवार हे नाव पडलं. कनिष्ठ सभागृहाने आठ आरोप मंजूर केले. शिक्षेसाठी राज्याच्या ३९ जणांच्या सिनेटमध्ये दोन तृतीयांश, म्हणजे २६ मतं हवी होती. लाँगने १५ सिनेटरांच्या सह्यांचं पत्रक पुढे केलं: हे आरोप आम्ही मुळात कायदेशीर मानत नाही, पुरावा काहीही आला तरी दोषी म्हणून मत देणार नाही. ३९ वजा १५ बरोबर २४. खटला तिथेच संपला. सही करणाऱ्यांना पुढे पदं आणि कंत्राटं मिळाली, हेही लपून राहिलं नाही.

या महाभियोगाने लाँग बदलला असं बरेच अभ्यासक मानतात, मीही मानतो. त्याच्या आधी तो मन वळवायचा, सौदे करायचा. त्यानंतर विरोधकाला जागाच उरू नये अशी व्यवस्था बांधायला त्याने घेतली. सरकारी नोकरांच्या पगारातून पक्षनिधीसाठी ठरावीक कपात होई. ती रक्कम जमा होई त्या पेटीची दंतकथा लुइझियानात अजून सांगतात. नेमणूक देताना अनेकांकडून तारीख न घातलेला राजीनामा आधीच लिहून घेतलेला असे.

आता तुमचा पहिला प्रश्न, सिनेट आणि गव्हर्नरपद. १९३० मध्ये विधिमंडळाने त्याचा मोठा रस्ते कार्यक्रम अडवला होता. लाँगने विद्यमान सिनेटर जोसेफ रॅन्सडेलविरुद्ध उमेदवारी जाहीर केली आणि लोकांना सांगितलं: मला निवडून दिलंत तर तुम्हाला रस्ते हवेत असा त्याचा अर्थ. वॉशिंग्टनच्या जागेसाठीची ही निवडणूक त्याने राज्याच्या कार्यक्रमावरचं सार्वमत करून टाकली. तो सप्टेंबरची प्राथमिक फेरी जिंकला, आणि न्यू ऑर्लिन्समधल्या जुन्या गटाने लगेच तडजोड केली. ७ कोटी ५० लाख डॉलरचे रस्ते-रोखे आणि बॅटन रूजमधलं नवं ३४ मजली विधानभवन, दोन्ही मार्गी लागली. सिनेटची निवडणूक त्याने गव्हर्नर म्हणून लढवली आणि गव्हर्नर म्हणूनच वापरली.

कायद्याचं म्हणाल, तर अमेरिकेच्या राज्यघटनेतलं बंधन संघीय पदांपुरतं आहे. संघीय सरकारचं पद धारण करणारा काँग्रेसचा सदस्य होऊ शकत नाही, पण गव्हर्नरपद हे राज्याचं पद आहे. आपल्याकडे संसद आणि विधिमंडळ दोन्हींवर निवडून आलेल्याला १४ दिवसांत एकाचा निर्णय घ्यावा लागतो, त्यामुळे आपल्याला अशी मुदत गृहीत धरायची सवय असते. तिथे तशी मुदत नव्हती. लाँगने एकच केलं: सिनेटरची शपथ घेतली नाही. शपथ नाही म्हणजे दोन पदं धारण केली असा आरोपही चिकटत नाही.

याला तेव्हाच्या दिनदर्शिकेचीही मोठी मदत झाली, आणि निबंधात हा मुद्दा नक्की घ्या. सिनेटची मुदत ४ मार्च १९३१ ला सुरू झाली, पण जुन्या पद्धतीप्रमाणे नव्या काँग्रेसचं नियमित अधिवेशन डिसेंबर १९३१ मध्ये भरलं. ही पद्धत विसाव्या घटनादुरुस्तीने १९३३ मध्ये बदलली. लाँग २५ जानेवारी १९३२ ला हजर झाला. कागदावर लुइझियानाची एक जागा जवळजवळ अकरा महिने रिकामी दिसते, पण प्रत्यक्ष कामकाजाचे बुडालेले आठवडे सात. रॅन्सडेल असतानाही ती जागा रिकामीच होती, असं तो वर ऐकवत असे.

अडचण होती ती उपगव्हर्नर पॉल सिर यांची. ते आधी त्याचे सहकारी, मग कट्टर विरोधक. लाँग वॉशिंग्टनला गेला असता तर नियमाने सिर गव्हर्नर झाले असते आणि सगळा डाव उधळला असता. ऑक्टोबर १९३१ मध्ये सिर यांनीच घाई केली आणि आपण गव्हर्नर झालो असं म्हणून शपथ घेऊन टाकली. लाँगने नॅशनल गार्ड (राज्याचं सैनिकी दल) आणि पोलीस तैनात केले आणि त्यांचाच डाव त्यांच्यावर उलटवला: सिर यांनी गव्हर्नरपदाची शपथ घेतली, म्हणजे उपगव्हर्नरपद सोडलं, आणि गव्हर्नर तर मी आहे, म्हणजे त्यांच्याकडे आता कुठलंच पद नाही. राज्याच्या सिनेटचे अध्यक्ष अल्विन किंग उपगव्हर्नर झाले. त्या काळात राज्यात कितीतरी रिकामटेकड्यांनी गंमत म्हणून गव्हर्नरपदाची शपथ घेतली. कोर्टातही सिर यांच्या हाती काही लागलं नाही.

जानेवारी १९३२ मध्ये लाँगचा विनफील्डचा जुना दोस्त ऑस्कर अॅलन गव्हर्नरपदाची प्राथमिक फेरी जिंकला आणि मगच लाँग वॉशिंग्टनच्या गाडीत बसला. मधले काही महिने किंग यांनी काम पाहिलं. अॅलनबद्दलचा विनोद तुम्ही वाचला असेलच: खिडकीतून उडून आलेलं पान टेबलावर पडलं, तर त्याच्यावरही त्यांनी सही केली.

इथून तुमचा दुसरा प्रश्न सुरू होतो. राज्य चालत राहिलं कारण पैशाच्या आणि नोकऱ्यांच्या सगळ्या तारा लाँगने आधीच एका खुंट्याला बांधल्या होत्या, आणि तो खुंटा गव्हर्नरचं पद नव्हतं, तो स्वतः होता. ऑगस्ट १९३४ ते सप्टेंबर १९३५ या काळात सात विशेष अधिवेशनं झाली. लाँग तेव्हा अमेरिकेचा सिनेटर. राज्याच्या सभागृहात त्याला ना मत, ना आसन, तरी तो समितीच्या खोलीत बसून विधेयकं समजावून सांगे आणि सभागृहात फिरून मतदान घडवून आणी. त्या काळातले कायदे वाचा: शाळाशिक्षकांच्या नेमणुकांवर राज्याच्या समितीची मंजुरी, गावोगावच्या पोलीस आणि अग्निशमन नोकऱ्यांवर राज्याचं नियंत्रण, निवडणूक अधिकाऱ्यांच्या नेमणुका राज्याच्या हाती. जुलै १९३४ चा एक कर तर नमुनेदार आहे: आठवड्याला २०,००० हून अधिक खप असलेल्या वर्तमानपत्रांच्या जाहिरात उत्पन्नावर दोन टक्के. त्या मर्यादेत येणारी जवळपास सगळी मोठी पत्रं त्याच्या विरोधातली. त्याच्या मृत्यूनंतर, १९३६ मध्ये, सुप्रीम कोर्टाने हा कर वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर एकमताने रद्द केला.

आता माझं मत. लाँगचे समर्थक म्हणतात, एवढी पकड नसती तर पुस्तकं आणि रस्ते झालेच नसते. तारखा हे पूर्णपणे मान्य करत नाहीत. पुस्तकं, रात्रशाळा, वैद्यकीय महाविद्यालय, रस्त्यांचे रोखे हे सगळं १९२८ ते १९३२ मधलं, म्हणजे विरोधक शाबूत असतानाचं. त्यांनी महाभियोग आणला, विधेयकं पाडली, आणि तरीही कामं झाली. पकड संपूर्ण झाली १९३४ नंतर, आणि त्या काळात बाहेर पडलेले बरेचसे कायदे पकड आणखी घट्ट करण्याचे होते. याला अपवाद आहेत आणि ते लिहिलेच पाहिजेत: पोल टॅक्स, म्हणजे मत देण्यासाठी भरावा लागणारा आणि गरीब गोऱ्यांना मतदानापासून दूर ठेवणारा कर, १९३४ मध्ये रद्द झाला, राहत्या घराला करसवलत मिळाली, कर्जफेडीला मुदत मिळाली. पण तेलावरचा तो पाच सेंटांचा कर डिसेंबर १९३४ मध्ये अखेर पास झाल्यावर लाँगने काय केलं? कंपनीने लुइझियानातलं तेल जास्त वापरावं या अटीवर पाचातले चार सेंट सोडून दिले. आणि त्याच वर्षी त्याच्या निकटवर्तीयांनी विन ऑर लूझ नावाची तेल कंपनी काढली, तिला राज्याच्या जमिनींचे पट्टे मिळाले, आणि तिच्यात लाँगचेही शेअर होते. ज्या मक्तेदारीविरुद्ध लढून तो मोठा झाला, तिच्याशी सौदा करण्याइतका तो आता बळकट झाला होता, आणि त्याला विचारणारं कोणी उरलं नव्हतं.

वॉशिंग्टनमध्ये मात्र उलट चित्र. ९६ सिनेटरांपैकी तो एक. आल्यावर काही महिन्यांतच त्याने पक्षाचे नेते आर्कान्सॉचे जोसेफ रॉबिन्सन यांच्याशी भांडण काढलं आणि समित्यांचे राजीनामे दिले. सिनेटमध्ये समिती नाही म्हणजे विधेयक नाही, आणि त्याचं स्वतःचं कुठलंही मोठं विधेयक पास झालं नाही. त्याने सभागृह सोडून थेट लोकांना गाठलं. ऑगस्ट १९३२ मध्ये तो रॉबिन्सनच्याच राज्यात ध्वनिक्षेपक लावलेले ट्रक घेऊन आठवडाभर फिरला आणि हॅटी कॅरावे यांच्यासाठी सभा घेतल्या. त्या विधवा सिनेटर पुन्हा येतील असं फारसं कोणी मानत नव्हतं. त्या जिंकल्या, आणि पूर्ण मुदतीसाठी सिनेटवर निवडून आलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या.

१९३२ च्या पक्ष अधिवेशनात त्याने राष्ट्राध्यक्षपदासाठी फ्रँकलिन रूझवेल्टला पाठिंबा दिला आणि १९३३ मध्ये फारकत घेतली. फेब्रुवारी १९३४ मध्ये रेडिओवरून संपत्तीवाटपाची योजना जाहीर केली: अफाट संपत्तीवर मर्यादा, प्रत्येक कुटुंबाला सुमारे ५,००० डॉलरची मालमत्ता, ठरावीक वार्षिक उत्पन्न, वृद्धांना पेन्शन, हुशार मुलांना फुकट कॉलेज. हिशेब जुळत नव्हता. श्रीमंतांची संपत्ती कारखाने, जमिनी आणि रेल्वे यांत अडकलेली, ती कापून घरोघर नोटा वाटता येत नाहीत. पण देशभर क्लब निघाले, संघटनेचा दावा सत्तर लाखांहून अधिक सदस्यांचा होता. तो दावा निम्मा खरा धरला तरी रूझवेल्टची झोप उडायला पुरेसा होता. डेमोक्रॅटिक पक्षाने १९३५ मध्ये गुपचूप जनमत चाचणी केली, तिच्यात लाँग तिसरा पक्ष काढून तीस-चाळीस लाख मतं नेईल असा अंदाज निघाला. सरकारनेही हात आखडला नाही: लुइझियानातल्या संघीय नेमणुका त्याच्या विरोधकांना मिळाल्या आणि आयकर खात्याचे तपासनीस त्याच्या माणसांमागे लागले. लाँगने उत्तरादाखल असे कायदे केले की राज्यातल्या स्थानिक संस्थांना संघीय पैसा त्याच्या मंडळाच्या परवानगीविना घेता येईना.

१२ जून १९३५ ला सुरू करून तो सलग साडेपंधरा तास सिनेटमध्ये बोलला. रूझवेल्टच्या औद्योगिक प्रशासनातल्या वरिष्ठ नेमणुकांना सिनेटची मंजुरी हवी, ही त्याची मागणी. मुद्दे संपले तेव्हा त्याने तळलेल्या कालवांची कृती सांगितली. लोक याला विदूषकी चाळे म्हणतात. मला वाटतं, दुसरं कुठलंच हत्यार हातात नसलेल्या सिनेटरचं ते उरलेलं हत्यार होतं.

वंशाच्या प्रश्नाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ते टाळलंत तर निबंध लंगडा पडेल. पुस्तकं, रात्रशाळा आणि रुग्णालयं यांचा फायदा कृष्णवर्णीयांनाही झाला, आणि आसपासच्या राज्यांतल्या नेत्यांसारखी वर्णद्वेषाच्या जिवावर त्याने सहसा मतं मागितली नाहीत. पण वर्णभेदाची व्यवस्था त्याने तशीच ठेवली, लिंचिंगविरोधी (जमावाने माणसाला ठार मारण्याविरुद्धच्या) संघीय कायद्याला पाठिंबा दिला नाही, आणि पोल टॅक्स गेल्यावरही कृष्णवर्णीय मतदारांची नोंदणी नगण्यच राहिली. वाट्याची भाषा सगळ्यांसाठी, मत मात्र गोऱ्यांनाच, अशी ती रचना होती.

शेवटचा प्रश्न खुनाचा. रविवारी, ८ सप्टेंबर १९३५ च्या रात्री, बॅटन रूजच्या त्या नव्या विधानभवनात, लाँग कॉरिडॉरमधून जात असताना डॉ. कार्ल वाइस समोर आले. ते कान-नाक-घशाचे डॉक्टर, वय अठ्ठावीस. त्यांचे सासरे न्यायाधीश बेंजामिन पॅव्ही हे लाँगचे जुने विरोधक, आणि त्यांचा मतदारसंघ तोडणारं विधेयक त्याच अधिवेशनात होतं. गोळी लागली, अंगरक्षकांनी वाइसच्या देहाची चाळण केली, आणि लाँग १० सप्टेंबरला पहाटे गेला. वय बेचाळीस.

शंका घेणाऱ्यांचं म्हणणं असं की वाइस यांनी फक्त ठोसा मारला, आणि अंगरक्षकांचीच एखादी गोळी लाँगला लागली. ही शंका टिकून राहायला जागा मिळाली ती तेव्हाच्या गलथानपणामुळे. लाँगचं शवविच्छेदन झालंच नाही. शस्त्रक्रियेत मूत्रपिंडाची जखम सुटली आणि आतला रक्तस्राव थांबला नाही. तपास करणारी यंत्रणा त्याच्याच माणसांच्या हाती होती. १९९१ मध्ये वाइस यांचा मृतदेह उकरून तपासला गेला आणि राज्य पोलिसांनी प्रकरण पुन्हा उघडलं. त्यांचा निष्कर्ष जुनाच राहिला: गोळी वाइस यांनी झाडली. उपलब्ध पुराव्यावर मी याच बाजूला आहे. निबंधात दुसऱ्या बाजूला एखादा परिच्छेद द्या, पण त्यावर प्रकरण उभारू नका. लाँगची व्यवस्था खुनाने संपली नाही, हे त्याहून महत्त्वाचं आहे. त्याच्या गटाने १९३६ ची निवडणूक मोठ्या फरकाने जिंकली. १९३९ मध्ये भ्रष्टाचाराचे घोटाळे बाहेर आले, तेव्हा गव्हर्नर रिचर्ड लेश आणि युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष तुरुंगात गेले. धाकटा भाऊ अर्ल पुढे गव्हर्नर झाला. मुलगा रसेल १९४८ ते १९८७ सिनेटर होता आणि दीर्घकाळ अर्थविषयक समितीचा अध्यक्ष. बापाने ज्या समित्या लाथाडल्या, त्याच वाटेने मुलाने १९७५ मध्ये कमी उत्पन्नाच्या कामकरी कुटुंबांसाठीची करसवलत कायद्यात आणली.

वाचनाचा क्रम सुचवतो. लाँगचं १९३३ चं आत्मचरित्र आणि त्याचं स्वतःचं वर्तमानपत्र आधी वाचू नका, आणि न्यू ऑर्लिन्सची विरोधी पत्रंही नकोत. दोन्हींत एकमेकांवर चिखल इतका आहे की मन आधीच एका बाजूला झुकतं. आधी १९२८ ते १९३५ च्या राज्य कायद्यांची वर्षवार यादी काढा आणि प्रत्येकासमोर लिहा, या कायद्याने पैसा कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेला आणि नोकरी देण्याचा अधिकार कुणाकडून कुणाकडे. ही यादी तयार झाली की कळवा. १९३२ आणि १९३४ च्या मधल्या रांगेवर आपल्याला बोलावं लागेल, कारण माझ्या मताला सगळ्यात जास्त आव्हान तिथूनच मिळू शकतं.